क्रॉयडनमध्ये राजाची शपथ

नागपूर विमानतळावर माझ्या सुटकेसमध्ये एकाच वस्तूपुरती जागा उरली होती. आईच्या हातात सावजी मसाल्याचा डबा. बाबांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, संविधानाची उद्देशिका. आमच्याकडे साखरपुडा असो की बारसं, आधी सगळ्यांनी उभं राहून तीच म्हणायची. फ्रेम जिंकली. "कोणा माणसापुढं वाकू नको," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "आता फ्रेमच खा तिकडं."

आज मी लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका कॉलेजात ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या पोरांना अमेरिकेचं संविधान शिकवतो. हसू नका! दरवर्षी त्याच धड्याला माझ्या अंगावर काटा येतो. राजाशी भांडून वेगळे झालेले ते लोक. रिकाम्या सिंहासनावर त्यांनी दुसरा राजा नाही, कागद बसवला. सत्ता संसद, अध्यक्ष आणि न्यायालय अशा तिघांत वाटली आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा कान दिला. राष्ट्राध्यक्षसुद्धा शपथ घेतो ती त्या कागदाची!

आणि हे शिकवणारा मी गेल्या वर्षी ब्रिटिश नागरिक व्हायला कौन्सिलच्या हॉलमध्ये उभा. शपथ कुणाची? राजाची. बाबांना सांगायचा धीर झाला नव्हता.

"प्लीज स्टँड," रजिस्ट्रार बाई म्हणाल्या आणि लहानपणच्या सवयीनं घात केला. उभं राहताच मी खड्या आवाजात सुरू झालो, "आम्ही, भारताचे लोक..."

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. इथेच जन्मलेली माझी लेक मीरा कुजबुजली, "डॅड, राँग कंट्री!" मग मी रीतसर शपथ घेतली, आणि मीरानं सगळ्याचा व्हिडिओ आजोबांना पाठवून दिला.

लगेच बाबांचा फोन. "काऊन रे, राजापुढं वाकाले गेला का?"

मी मास्तरकीचा आसरा घेतला. "बाबा, इथला राजाही कायद्याखाली. थेम्सकाठच्या कुरणात सरदारांनी एका राजाकडून ते आठशे वर्षांपूर्वीच लेखी कबूल करून घेतलं. तीच कल्पना बोटीत बसून अमेरिकेला गेली. तिथलं 'आम्ही लोक' आपल्या उद्देशिकेत आलं. आणि तुम्ही ते टॉवेलात गुंडाळून परत इकडे पाठवलंत."

बाबांनी विचारलं, "अमेरिकेच्या त्या 'आम्ही'त आपल्यासारखे होते का?"

"नव्हते. गुलामांना तर मोजतानाही अख्खा माणूस धरलं नव्हतं. पुढे लोक लढले, तेव्हा दुरुस्त्या झाल्या."

"मंग तिथं तुहा आवाज चालते का?"

"आत्ताच अख्ख्या हॉलनं ऐकला की!"

बाबा ठसका लागेस्तोवर हसले. "मंग राह्य तिथं."

मागून आई ओरडली, "विचारा त्याले, आता तरी मसाला पाठवू का?"

फ्रेम आमच्या किचनमध्ये आहे, आता मसाल्याच्या डब्याच्या वर. मीराचे मित्र जेवायला आले की ती त्यांनाही उद्देशिकेसाठी उभं करते. तिचं मराठी लंगडतं, पण पहिल्या शब्दावर ती कधी अडखळत नाही. "आम्ही." माझं घर तिथून सुरू होतं.