उस्तादांशी तो खरं बोलायचा

उस्तादांना मी एका गोष्टीसाठी कधीच माफ केलं नाही. माझा नवरा त्यांच्याशी खरं बोलायचा. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की उस्ताद चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न टाकायचे, "विलास, झोप झाली का?" आणि विलास शहाण्यासारखा सांगायचा, कधी पडलो, कधी डोळा उघडला, मधे उठलो का. तोच प्रश्न घरी मी विचारला तर "झाली गं", तेही पाठ करून. ज्या अंथरुणावर मी शेजारी झोपले होते, तिथली खबर मला तो कामाला होता त्या जुन्नरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून मिळायची. सांगा, कुठल्या बाईचं डोकं ठिकाणावर राहील?

विहिरीवरची मोटर बंद पडली की बेल्ह्यापासून डिंभ्यापर्यंतची माणसं ती टेंपोत घालून उस्तादांकडे आणायची. उस्ताद आधी मोटरीवर तळहात ठेवायचे, मग आणणाऱ्याला विचारायचे, "जेवला का?" न जेवलेल्या गिऱ्हाइकाशी ते कामाचं बोलतच नसत. "पोटात काय नसलं की माणूस कायबी सांगतो, राव. मोटर कवा बंद पडली ह्येबी धड सांगत नाय." मग त्या पाहुण्याला खारी आणि चहा. दुकान होतं की खानावळ, असा प्रश्न मला पडायचा.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी विलासचा आजार कळला. बायपोलर. कधी दिवसचे दिवस अंथरूण सोडायचा नाही, तर कधी झोपायचं नाव नाही आणि तोंडाला विसावा नाही. मंचरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो मार्गी लागला. पण काम अर्धवट टाकणं, किल्ल्या हरवणं, कॉइलचे वेढे मोजता मोजता चुकणं काही जाईना. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, हे शाळेपासूनचं निराळंच दुखणं आहे, एडीएचडी. त्याचीही गोळी असते. पण डॉक्टर म्हणाले, आधी मन स्थिर राहू दे. घाईनं ती गोळी दिली तर सगळं पुन्हा उधळायचं. बरेच महिने थांबून, रक्ताच्या तपासण्या करून, मग सकाळची ती लहानशी गोळी सुरू झाली. अट अशी, की झोप कमी झाली किंवा बोलणं वाढलं तर ती घ्यायची नाही आणि लगेच फोन करायचा. रात्रीच्या गोळ्या मात्र काही झालं तरी चुकवायच्या नाहीत.

हे सगळं डॉक्टरांनी मला सांगितलं, मी विलासला सांगितलं, आणि त्याच्या डोक्यात शिरलं ते उस्तादांनी सांगितल्यावर. "रातच्या गोळ्या घरच्या, सकाळची पाहुणी. घरात सगळं शांत असंल तरच पाहुणीला आत घ्यायचं." संध्याकाळी विलासनं घरी येऊन हेच मला समजावून सांगितलं, मोठ्या कौतुकानं. मी त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली.

मीही काही कमी नव्हते. उस्तादांच्या घरचं खाऊन हा त्यांच्या ताब्यात जातो, असं माझ्या मनानं घेतलं आणि मी डब्याची चढाओढ सुरू केली. मासवडी काय, पिठलं काय, शेंगदाण्याची चटणी काय! डबा चाटूनपुसून परत यायचा. मी खूश. पुढे कळलं, डबा उस्ताद खायचे आणि विलास त्यांच्या घरची खिचडी. "सूनबाईच्या हाताला लई चव हाय," असा वर निरोप. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका रमजानला तर हद्द झाली. उस्तादांचा रोजा, म्हणून विलासलाही उमाळा आला. मीही दिवसभर पाणी पिणार नाही, म्हणाला. माझ्या सोमवारच्या उपासाला हाच माणूस माझ्यासमोर मांडी घालून वडापाव खायचा! पण त्याच्या गोळ्यांना पाणी भरपूर लागतं, उन्हाळ्यात तर जास्तच. उस्तादांनी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं, स्वतः माठातून तांब्या भरून आणला आणि ओरडले, "रोजा मी धरतो, गोळी तू धर. पी गुमान!" मग महिनाभर स्वतः कोरड्या घशानं ते त्याला पाणी पाजत राहिले. मला हे ऐकून रडू आलं, आणि रागही आला. पाणी तर मीही देत होते की!

मग तो उन्हाळा आला. दुकानात मोटरींची रांग. पहाटे जाग आली तर विलास अंगणात मोटरसायकल धूत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. चेहरा टवटवीत, तोंडाचा पट्टा चालू. बेल्ह्याला एक दुकान काढू, अवसरीला एक, डिंभ्याला एक. सकाळची गोळी त्यानं माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली. मी हात धरला तर म्हणाला, "झोपलो की मस्त. उस्तादांनाबी सांगितलंय. ही बंद केली तर सीझनला मोटरींच्या कॉइली कोण भरणार?"

उस्तादांनाही खोटं! खरं सांगते, क्षणभर मला इतकं बरं वाटलं. आले का तेही माझ्याच पंगतीला! आणि मग लक्षात आलं. आता हे फक्त मलाच माहीत होतं, आणि माझं तर तो ऐकत नव्हता.

पदर खोचून दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा उस्तादांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तीन दिवस झाले, झोपत नाहीत हे. तुमच्याशी खोटं बोलतात."

उस्तादांनी विलासकडे पाहिलं. विलासनं मान खाली घातली. त्यांनी हातातली कॉइल बाकावर ठेवली, डॉक्टरांना फोन लावला आणि भर दुपारी शटर खाली ओढलं. बाहेर ताटकळलेले शेतकरी ओरडले, "उस्ताद, माल वाळंल की वो!"

"वाळू द्या आजचा दिवस," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. विलास मागे बसला. मी एसटीनं मंचरला पोचले. सकाळची गोळी बंद झाली, रात्रीच्या गोळ्या बदलल्या, आणि पोळ्याच्या सुमारास तो परत बाकावर बसायला लागला. सकाळची गोळी त्याहून बरीच उशिरा, पुन्हा थोडीथोडी सुरू झाली.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर उस्ताद मला म्हणाले, "मला नाय कळलं, सूनबाई. तुला कळलं." आवाज साधाच होता, पण तोंड एवढंसं झालं होतं. त्यांच्या लाडक्यानं त्यांना फसवलं होतं. मला वाईट वाटलं. थोडंसंच.

गेल्या साली त्यांची कंबर गेली आणि मुलानं त्यांना भिवंडीला नेलं. दुकान आता विलास चालवतो. उस्ताद निघताना तो त्यांच्या गळ्यात पडून असा रडला, की मी बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा ह्याचे डोळे कसे कोरडे ठाक होते, तेच मला आठवत राहिलं.

परवा सकाळी मी चहा ओतत होते. विलास ओट्यापाशी आला आणि माझ्याकडे बघून, न विचारता म्हणाला, "सकाळची गोळी राहू दे आज. दोन रात्री नीट झोप नाय लागली मला. डॉक्टरांना फोन लाव."

चहा तसाच सोडला. डॉक्टरांना फोन केला, ते सांगतील तसं लिहून घेतलं. आणि दुसरा फोन सरळ भिवंडीला. "उस्ताद, आज त्यानं आपणहून सांगितलं. मला! पहिल्यांदा मला!"

पलीकडून "बरं झालं की," एवढंच, आणि फोन बंद.

पाच मिनिटांत विलासचा फोन वाजला. तो अंगणात गेला, पण म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत, मला घरात ऐकू आला. "मला का नाय रं सांगितलंस आधी?"

तो स्वर मी चांगला ओळखते.