गळ्याखालची गाठ

परभणीकडून आलो तेव्हापासून कुरुळीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय. मी वायरिंगच्या कंपनीत लाइनवर, हे पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमध्ये. प्रेसखाली ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, पुढं कंत्राटही संपलं. तेव्हापासून हे भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. ते बघवेना म्हणून घरमालकीणबाईंनी पाच तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणून दिल्या. "सांभाळ रं, तेवढाच जीव रमंल," म्हणाल्या.

आणि खरंच, हे उठायला लागले. मी पहिल्या शिफ्टला निघायच्या आत खुराडं उघडायचे, एकेकीला उचलून गळ्याखालची पिशवी चाचपायचे. कोंबडी आधी त्या पिशवीत दाणा साठवते, रात्रभरात तो खाली उतरतो. सकाळी पिशवी रिकामी लागली की पचन ठीक. एवढं लहानपणीचं ह्यांना आठवत होतं.

एका शुक्रवारी कवड्या रंगाच्या कोंबडीची पिशवी सकाळीच लिंबाएवढी टणक लागली. ती मान ताणून, चोच उघडून उभी होती. दाण्याकडं बघतही नव्हती.

हे तिला टोपलीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नीट तपासलं. तेल पाजा, हलक्या हातानं चोळा, दाणा बंद ठेवा, म्हणाले. दोन दिवस ह्यांनी डाव्या हातानं चोळलं. मी सिरिंजनं थेंब थेंब तेल, मग कोमट पाणी पाजलं. गाठ तसूभर हलली नाही. विष्ठा पडायची ती नुसती हिरवं पाणी.

रविवारी घरमालकीणबाई म्हणाल्या, "आता तेलानं काय व्हायचं न्हाई. माझी सासू पिशवी चिरून आतलं काढायची. तवा मी धरलेली हाय कोंबडी."

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "तूच कर. मला ब्लेड कुठं धरता यायलंय?"

मी नाही म्हणणार होते. ह्यांनी हात पाठीमागं घेतलेला दिसला, मग नाही म्हणवलं नाही.

बाईंनी कोंबडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली. पिसं उपटली, हळदीच्या पाण्यानं पुसलं. सुई-दोरा उकळून ठेवला होता. नव्या ब्लेडनं मी आधी कातडी चिरली, मग आतली पिशवी. रक्त फारसं आलं नाही. वास मात्र आंबलेल्या पिठासारखा आला. बोटानं काढत गेले तर थर्माकोलचे मणी, चिंब झालेला फोम, पॅकिंगच्या पट्टीचा तुकडा. फुगलेले मक्याचे दाणे त्यात अडकून बसले होते. कोंबडी ओरडली नाही, फक्त पापणी वरखाली करत राहिली. आधी पिशवी शिवली, मग वरची कातडी.

ती जगली. तिसऱ्या दिवशी ताकातला भात खाल्ला. हे त्या दिवशी कितीतरी दिवसांनी बाहेर जाऊन दाढी करून आले.

आमच्या मागं मोकळा प्लॉट आहे, तिथं कुणीही पॅकिंगचा कचरा टाकतं. वारा आला की पांढरे मणी अंगणभर होतात. मी झाडायचे, हे वेचायचे. दोन बोटांनी एकेक मणी. पुढच्या आठवड्यात आणखी दोघींच्या पिशव्या टणक लागल्या, आणि कवडीचीही पुन्हा, टाक्याच्या वरच.

"परत चिरायचं का?" मी विचारलं.

"किती वेळा चिरशील?" हे म्हणाले. "वारा बंद करणारेस का?"

कवडी दुसऱ्या दिवशी दुपारी मेली. मी कामावर होते. ह्यांनीच खड्डा खणला. त्या दोघीही त्याच आठवड्यात गेल्या. राहिलेल्या दोन आम्ही जाळी लावून कोंडल्या, तर त्या पिसं फुगवून कोपऱ्यात बसू लागल्या, पातळ हगू लागल्या. डॉक्टरांनी दिलेली पावडर पाण्यातून दिली. थोडं बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी ह्यांनी त्या मालकीणबाईंकडं परत नेऊन दिल्या.

"कापा," म्हणाले, "पण आम्हाला वाटा देऊ नका."

मी शिफ्टवरून आले तेव्हा हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. जेवता का विचारलं, तर नुसती मान हलवली. मला ती हो होती की नाही ते कळलं नाही, म्हणून मी ताट वाढून शेजारी ठेवलं.