गुरुशांतच्या नकाशावरची अव्वा

गुरुशांत दिसला की ओळखीची माणसे रस्ता बदलत. तावडीत सापडलेल्याला तो आधी मोबाइल दाखवी आणि मग कुणाचा तरी खापरपणजोबा.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने हा उद्योग धरला होता. सोलापुरातल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत जायचे, समाध्यांचे फोटो काढायचे आणि जगभरच्या कबरींच्या नोंदी ठेवणाऱ्या एका वेबसाइटवर चढवायचे. नाव, तारीख कोरलेल्या दगडी समाध्या त्याला आवडत. नुसती माती असलेल्यांना तो ओलांडून जाई. "माती वाचता येत नाही," म्हणे. एकदा टेक्सासहून कुणी पणजोबा सापडल्याबद्दल आभार मानले. तो निरोप त्याने दूधवाल्यालाही वाचून दाखवला. तेव्हापासून तो स्वतःला वंशावळ संशोधक म्हणवून घेऊ लागला.

त्याची आई बसव्वा गेल्या वर्षी गेली. थोरली बहीण शिवबाई तेव्हा खुबा मोडून दवाखान्यात पडलेली, त्यामुळे तिला मातीला जाता आले नाही. समाधी बांधू की निवांत, असे गुरुशांत म्हणाला आणि निवांतच राहिला.

वर्ष भरले तशी शिवबाई कुंभारीहून काठी टेकत आली. पिशवीत बेल, विभूती, पाण्याचा तांब्या.

"मला अव्वाची जागा दाव. दुसरं काय नको."

"दाखवतो की, अक्का. अव्वाची नोंद केलीय मी. आता अमेरिकेतनं कुणी येऊ दे, सरळ अव्वापाशी पोचेल."

"अमेरिकेतनं कोण येतंय? मी आलेय न्हवं."

रुद्रभूमीत शिरताच मोबाइल समोर धरून तो पुढे निघाला. नकाशाने दोघांना रुद्रभूमीच्या फाटकातून बाहेर काढले आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलपुढे आणून सोडले. आईची नोंद त्याने तिथेच बसून, भजी खाता खाता भरली होती. मोबाइलने तीच जागा धरली.

शिवबाईने उकळत्या तेलाकडे पाहिले.

"अव्वा कढईखाली हाय व्हय रं?"

"लोकेशन हललंय, अक्का."

"लोकेशन हललं आसंल. अव्वा न्हाय हलली. तू हुतास की मातीला! तुला ठावं न्हाय?"

त्याला ठाऊक नव्हते. त्या दिवशी भाऊबंद माती लोटत होते, तेव्हा हा पलीकडे एका जुन्या दगडावरची धूळ पुसून अक्षरे लावत होता. हे तो बहिणीला सांगणार नव्हता. तो रुबाबात पुन्हा आत गेला आणि लिंबाखालच्या मातीच्या उंचवट्यांच्या रांगेतल्या एकाकडे बोट करून म्हणाला, "हीच." थोडे थांबून, "किंवा ती पलीकडची." मग त्याने मोबाइल उंच धरला आणि रेंज शोधू लागला.

दगड नसलेल्या त्या रांगेत शिवबाई एका टोकाकडून निघाली. प्रत्येक उंचवट्यावर एक बेलाचे पान, चिमूटभर विभूती आणि तांब्यातले थोडे पाणी. वाकताना खुबा दुखत होता. काठी रोवून ती वाकत होती.

"अगं, परक्यांना कशाला?" गुरुशांत म्हणाला. "लोक हसतील."

"ह्यांच्यातच हाय की ती. परक्यांना घोटभर मिळालं तर अव्वा काय भांडायची न्हाय."

रांगेतला शेवटचा उंचवटा उरला. गुरुशांत त्याच्यावरच उभा होता. तिथे रेंज जरा बरी येत होती.

"उतर खाली," शिवबाई म्हणाली. "अव्वा आसंल."