गुलामचाचांची डायरेक्ट वायर

जव्हारच्या एसटी डेपोपासून थोडं खाली उतरलं की डाव्या हाताला गुलामचाचांचं दुकान लागतं. सेल्फ, डायनामो, हॉर्न, लाईट, गाडीत जिथं म्हणून वायर आहे तिथं चाचांचा हात. हे काम ते तीस वर्षं करत आलेत. शिकले कुणाकडे म्हणाल तर वडलांकडे थोडं आणि बिघडलेल्या गाड्यांकडे जास्त. जोड मारला की वर टेप गुंडाळायची आणि टेपचं टोक आत दुमडून टाकायचं, ही त्यांची खोड. उन्हात तो जोड सुटत नसे. मोखाड्यापर्यंतचे जीपवाले ते दुमडलेलं टोक बघून ओळखायचे, हे काम चाचांचं.

यंदा डिसेंबरात थंडी जरा जास्तच पडली. सकाळी काचेवर दव नव्हे, पाण्याचे ओघळच असायचे. सात वाजल्यापासून चाचांचा फोन वाजायला लागे. गाडी उठत नाही, सेल्फ नुसता कण्हतो. चाचांचं उत्तर ठरलेलं असे, "थंडी आहे. बॅटरी जुनी झाली असेल. हल्लीच्या बॅटऱ्यांत दम कुठं राहिलाय!"

मोखाड्याच्या प्रतिभा मॅडमनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. मॅडम ग्रामसेविका. दिवाळीआधी त्यांनी कुणाची तरी वापरलेली छोटी गाडी घेतली आणि चाचांकडे आणून हौसेनं सजवली. गाण्यांसाठी अँप्लिफायर, पुढं कॅमेरा, धुक्यासाठी पिवळे दिवे, फोनचा चार्जर. डिसेंबरात बॅटरी बसली, चाचांनी नवी टाकली. आणि जानेवारी लागून चार दिवस झाले नाहीत तोच मॅडमचा फोन आला.

"चाचा, नवी पण झोपली."

आवाजात राग नव्हता. राग असता तर चाचांनी तोंडानंच उत्तर दिलं असतं. त्याऐवजी त्यांनी मीटर, पाना, पक्कड पिशवीत टाकली आणि मोखाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसले.

गाडी मॅडमच्या दारातच उभी होती. चाचांनी विचारपूस केली. मॅडम घरातून ऑफिसला जायच्या, दीड-दोन किलोमीटर, आणि परत. थंडीमुळे सकाळी ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, पिवळे दिवे, गाणी, सगळं एकदम चालू.

"म्हणजे भरणा कमी आणि खर्च जास्त," चाचा म्हणाले. "तुमच्या घरी नागलीची कणगी होती का?"

"होती की. आईकडे अजून आहे."

"रोज ओंजळभर धान्य काढायचं आणि टाकायचं चिमूटभर. कणगी किती दिवस पुरेल? त्यात थंडीत बॅटरीची ताकद आधीच उतरते, आणि ती चार्जिंगही लवकर घेत नाही."

हे खरंच होतं. पण एवढ्यानं तीन आठवड्यांत नवी बॅटरी पार बसावी, हे चाचांना पटेना. त्यांनी दुसऱ्या गाडीवरून करंट घेऊन बॅटरीत थोडा जीव आणला, मग चावी काढली, दारं लावली आणि बॅटरीच्या टोकाला मीटर लावला. सगळं बंद, तरी मीटर अर्धा अँपिअर दाखवत होता. कुणीतरी आत बसून गुपचूप खात होतं.

एकेक करून फ्यूज काढले. आकडा हलला नाही, म्हणजे खाणारा फ्यूजच्या बाहेरचा होता. मग त्यांनी बॅटरीवरून निघालेली एक लाल वायर धरली आणि बोटांनी चाचपत आत गेले. सीटखाली जोड सापडला. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

चाचा तिथंच गुडघ्यावर बसून राहिले.

दिवाळीआधी मॅडम म्हणाल्या होत्या, चावी नसतानाही गाणी लागली पाहिजेत. अशी मागणी सगळेच करत. चाचा मग वायर चावीवरून न आणता सरळ बॅटरीवरून आणायचे. डायरेक्ट. काम अर्ध्या वेळात व्हायचं आणि गिऱ्हाईक खूश. पण गाणी बंद केली तरी अँप्लिफायर जागाच राहायचा, आणि कॅमेरासुद्धा. चोवीस तास.

"सापडलं का?" मॅडमनी चहा पुढं करत विचारलं.

"सापडलं. वायर माझीच आहे." चाचांनी कप घेतला नाही. "तुमची पहिली बॅटरीही बहुतेक चांगली होती, मॅडम. मी न तपासता बदलली."

"मग ती परत बसवता येईल?"

"ती मी भंगारात दिली."

मॅडमनी कप पुन्हा पुढं केला. मग म्हणाल्या, "चहा तर घ्या. निवतोय."

चाचांनी चहा घेतला, वायर तोडली, सगळी जोडणी चावीवर आणली आणि नवी बॅटरी चार्जिंगला जव्हारला नेली. परतीच्या जीपमध्ये ते हिशेब करत होते. कुणाकुणाच्या गाडीत असा जोड मारला? दोन वर्षांत बॅटरी बसली म्हणून किती जणांना त्यांनी बॅटरीच्या कंपनीचाच दोष सांगितला होता?

घरी बायकोला, नजमाला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो जाके बोलो ना सबको."

"लोक काय म्हणतील?"

"जो बोलना है बोलेंगे."

नावं तिच्याच जास्त लक्षात होती, कारण गिऱ्हाइकांचे फोन बरेचदा तीच घ्यायची. अकरा गाड्या निघाल्या. पुढचे दहा दिवस चाचा दुपारी दुकान बंद करून गाड्या गाठत हिंडले. बहुतेकांनी "बरं झालं सांगितलंत" म्हटलं. एका शिक्षकानं चारचौघांत फैलावर घेतलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. खोडाळ्याचा जीपवाला हेमंत मात्र वायरीला हातच लावू देईना.

"चाचा, पॅसेंजर भरेपर्यंत अर्धा तास गाडी बंद उभी असते. गाणी नसली तर लोक दुसऱ्या जीपमधी बसतील."

"आणि सकाळी धक्का कोण मारतं?"

"पॅसेंजरच मारतात!" हेमंत हसला.

चाचाही हसले, पण जागचे हलले नाहीत. "बॅटरीचा करंट जोडणारा-तोडणारा रिले टाकतो आणि वेगळं बटण देतो. गाणी हवी तेव्हा दाबायचं, घरी जाताना बंद करायचं. पटलं नाही तर पुन्हा होतं तसं करून देईन."

हेमंतनं कुरकुरत चावी दिली. आठवड्यानं त्याचा फोन आला. बटण बंद करायला तो दोनदा विसरला होता आणि दोन्ही वेळा धक्का मारावा लागला होता. बाकी दिवस गाडी पहिल्या सेल्फला उठली.

फोन अजूनही येतात, थंडी ती थंडीच. पण चाचा आता आधी मीटर लावतात, मग तोंड उघडतात. कुणी डायरेक्टच हवं म्हणून अडून बसलं तर नाही म्हणतात. त्यापायी दोन गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात गेली. प्रतिभा मॅडम दर रविवारी गाडी काढून आईच्या गावाला जाऊन येतात, येता-जाता पन्नास किलोमीटर होतात. बॅटरी भरते, असं त्या म्हणतात. परवा येताना त्यांनी दुकानाशी गाडी थांबवली आणि नजमाला नागलीच्या पिठाची पिशवी देऊन गेल्या.