शर्टाच्या आतली ऊब

दोनदा कृत्रिम रेतन करूनही आमची गाय उलटली होती, गाभ न धरता पुन्हा माजावर आली होती. या खेपेलाही गाभण राहिली नाही तर विकायची, असं बाबांनी ठरवलं होतं. पौषातल्या त्या सकाळी आमच्या वैशाखरे गावात घाटाकडून बोचरा वारा सुटला होता. नेहमीच्या डॉक्टरांऐवजी कुणी अनोळखीच माणूस गोठवलेल्या रेताचं भांडं मोटरसायकलला बांधून आला.

ओट्यावर बसून त्याने भांड्यातली बारीक नळी चिमट्याने उचलली, कोमट पाण्यात धरली, पुसली आणि लांब सळीत भरली. मग सळी कागदात गुंडाळून शर्टाच्या आत छातीशी धरली, वरून स्वेटर ओढला आणि झोपलेलं मूल न्यावं तसा हळूहळू गोठ्याकडे निघाला. मला तो जरा नाटकीच वाटला. आईने मात्र विचारलं, "असं का रं?"

"एकदा ऊब दिली ना मावशी, की मग वारा लागू द्यायचा नाय."

तो पुन्हा कधी आला नाही. गाय मात्र गाभण राहिली, आणि बाबांनी विकण्याचा विचार सोडला.

आश्विनात वासरू झालं. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. वासराला पोत्याने पुसता पुसता आई माझ्यावर खेकसली, "दार लाव रे, वारा लागंल त्याला!"