मेन स्विच आणि शेवटचा राक्षस

ये, जवळ सरक. मावशीकडे येतेस आणि दारातच टेकतेस, ही कुठली रीत गं? वर विचारतेस, "एका व्हिडिओ गेमवरून अजून काकांवर चिडतेस?"

चिडते! ऐक.

टीव्हीला जोडायचा तो खेळ मुलांसाठी आणला होता. मुलं चार दिवसांत कंटाळली, मी नाही. दुपारी ओटा आवरला की मी आणि तो अंतराळवीर. परग्रहावर हिंडायचं, यंत्रमाणसं पाडायची, आणि शेवटी एकामागून एक तीन राक्षस. लोखंडी खेकडा, मग उडता साप, मग भिंतीएवढा नुसता एक डोळा. त्या डोळ्यापर्यंत मी कधी पोचलेच नव्हते. बंद केलं की सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी पोचले! नेमके हे दारात. "चल, साखरपुड्याला उशीर होतोय."

साखरपुडा इथेच सुभानपुऱ्यात, आपल्याच गल्लीत होता. मी खेळ तिथल्या तिथे थांबवला, चालूच ठेवला. आल्यावर मारते मेल्याला.

तुझे काका बाजव्याजवळच्या रिफायनरीत कामाला. बाहेर पडताना गॅस बंद, मेन स्विच खाली, ही तिथली शिस्त घरातही. म्हणून बजावलं, "आज मेन पाडू नका." "हो, हो," म्हणाले. आणि पानावर बसल्यावर ऐटीत सांगतात, "मेन पाडलाय हं, निवांत जेव."

मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

"सांगितलं होतं ना मी!"

"अगं, सवयीनं हात गेला. खेळच तर होता. जवा दे ने!"

जवा दे ने! स्वतःचं चुकलं की यांना गुजराती सुचतं. कसं जाऊ देऊ? त्या खेळाची कॅसेट अलकापुरीच्या दुकानातून महिन्याच्या भाड्यानं आणलेली, मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेली. पुन्हा मिळाली नाही ती.

रविवारी क्रिकेटची मॅच, शेवटची ओव्हर. मी चपला घातल्या आणि मेन खाली.

"अगं! हे काय?"

"बाहेर चाललेय. सेफ्टी."

तरी राग गेला नाही. त्यांची मॅच दुसऱ्या दिवशी पेपरात आली. त्या राक्षसाला मारल्यावर पुढे काय होतं, ते कुठल्या पेपरात यायचं?

तो खेळ आता तुझ्या लॅपटॉपवर मिळतो म्हणतेस ना? मग घेऊन ये. माझी बोटं आखडतात हल्ली. उड्या तू मार, गोळ्या मी झाडते. काकांना त्या दिवशी मेनपाशी फिरकू देत नाही. पण लवकर ये गं, अगदी लवकर.