हंटरची जोडी

एका माणसाला पाहिलं की मोतीराम पेंटरचा जळफळाट व्हायचा. तो माणूस वाईट असता तर मोतीरामचं आयुष्य सोपं झालं असतं. पण वसंत मास्तर चांगला होता, तिथंच सगळी पंचाईत.

मोतीरामचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, एका खोलीचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो नत्थुजी सुताराकडं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचा. शिकवलं कोणी नाही. बैल पाहिला, रंग पाहिला, हात चालवला. एक कायदा तेवढा धंद्यानं शिकवला: बैल एकटा विकला जात नाही, जोडी जाते. आणि जोडी म्हणजे आरसा. डावीकडच्या बैलाच्या डाव्या खांद्यावर काळं ठिगळ, तर उजवीकडच्याच्या उजव्या खांद्यावर. शेजारी उभे केले की एकाच आईचे दिसले पाहिजेत.

छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली आणि पोळ्याचे बैल त्या दिवसापासून बंद केले. नत्थुजी म्हणाला, "अरे, पोटाचं काय?" मोतीराम म्हणाला, "पोट माह्यं हाय, मी पाहीन." मग दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, जयंतीची निळी कमान. बैल सुटले. हाताला लागलेली सवय सुटली नाही, पण ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

पासष्टची लढाई थांबून वर्ष झालं नव्हतं. पोरासोरांच्या तोंडी हंटर आणि सेबर ही लढाऊ विमानं होती, हंटर आपलं आणि सेबर दुश्मनाचं. कॉलेजात एनसीसीचे कॅप्टनसाहेब होते, एरवी इतिहास शिकवायचे. त्यांनी एका खोलीत पलंगाएवढं टेबल करून घेतलं, त्यात मोर्णेची वाळू भरली, वाळूचे डोंगर केले, आरशाच्या तुकड्यांचे तलाव केले. त्यावर लढाईचा खेळ मांडायचा. विमान किती सरकवायचं ते पट्टीनं मोजायचं, कोण पडलं ते फाशानं ठरवायचं. मार्चमध्ये अमरावतीला कॉलेजा-कॉलेजांची स्पर्धा होती. परीक्षक येणार होते कामठीहून, खरे फौजी.

विमानं बारा लागणार होती. नत्थुजीनं सावरीच्या हलक्या लाकडातून चार चार बोटांची विमानं कोरली आणि सायकलच्या तारांवर बसवली. रंगवायला दोघांना बोलावलं. एक वसंत मास्तर, शाळेतला चित्रकला शिक्षक, मुंबईचा डिप्लोमा. दुसरा मोतीराम.

कॅप्टनसाहेबांनी वाटणी केली. "सहा हंटर मास्तरांकडे. सहा सेबर मोतीरामकडे. सेबरला काय, नुसती चांदी मारायची."

मोतीरामच्या कानशिलात जाळ झाला. हंटरच्या पाठीवर राखाडी-हिरवी नक्षी, पंखावर केशरी-पांढरं-हिरवं चक्र. तिथं खरी कारागिरी. आणि याच्या वाट्याला काय? एक डबा चांदी, एक ब्रश, खलास.

"साहेब, पत्र्याच्या पेटीले बी चांदीच मारतेत," तो म्हणाला.

"मग सोपंच आहे की तुम्हाला," कॅप्टनसाहेब म्हणाले.

घरी आल्यावर त्यानं ब्रश भिंतीवर फेकला. सुंदराबाई भाकरी थापत होती. "आता काय झालं जी?"

"आपलं इमान मास्तराले. दुश्मनाचं मोतीरामले! वाटणी करतानी बी हात बरोबर कुठं जाते पाह्य."

"पैसे तं सारखेच देऊन राहिले ना?"

"पैशाचं कोन बोलून राहिलं?" तो ओरडला. "हंटर मले पाह्यजे होता!"

आठ दिवसांत त्याचे सेबर झाले. द्यायला गेला तेव्हा मास्तरांचे हंटर टेबलावर मांडले होते. मोतीरामनं पाहिलं आणि त्याचं तोंड कडू झालं. राखाडी हिरव्यात अशी विरघळली होती की शिवण सापडू नये. त्याहून भारी गोष्ट म्हणजे रंग चमकत नव्हता. सुकलेल्या मातीसारखा मंद. मोतीरामचा डब्यातला तेलरंग म्हणजे आरसाच. त्या रंगात हंटर केला असता तर पोळ्याच्या बैलाचं शिंग दिसला असता.

"वा मास्तर," तो म्हणाला. आपले सेबर बाजूला मांडले.

"तुमचे सेबर बघा ना, किती सफाई आहे!" मास्तर मनापासून म्हणाले. त्या मनापासूनचाच मोतीरामला जास्त राग आला. खोटं बोलला असता तर शिवी तरी देता आली असती.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. रंग मंद होतो कसा? विचारलं असतं तर मास्तरांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण विचारील तो मोतीराम कसला! नत्थुजीकडून एक उरलेलं लाकूड आणलं आणि घरात बसला. रॉकेल घालून पाहिलं, रंग फाटला. राख घातली, खरखरीत झाला. खडू घातला, पापडासारखा उडाला. शेवटी त्याची नजर फळीवर गेली. बाळंतीण झालेल्या बहिणीसाठी सुंदराबाईनं संगजिऱ्याची पुडी आणून ठेवली होती.

"त्याले हात लावू नका! लेकराच्या अंगाले लावाचं हाय."

तिचं बोलणं संपेपर्यंत पुडी अर्धी झाली होती. तेलरंगात टर्पेंटाइन आणि वस्त्रगाळ संगजिरं. दुसऱ्या दिवशी रंग सुकला तो मास्तरांच्यापेक्षा मंद. त्यानं बोट घासलं, ओलं फडकं घासलं. रंग हलला नाही.

"पाह्य," तो बायकोला म्हणाला, "मुंबई नाई लागली, काई नाई लागलं."

"मुंबई नाई लागली, माही पुडी लागली," ती म्हणाली.

स्पर्धेला दहा दिवस उरले आणि मास्तरांचे हंटर मेले. पाण्यातल्या रंगाचे होते ते. पोरं रोज सराव करायची, उन्हाळा लागलेला, हाताला घाम. पंख धरून धरून नक्षी पुसली गेली, चक्रांचा चिखल झाला. कॅप्टनसाहेबांनी डोकं धरलं. मोतीरामनं खिशातून स्वतःचा हंटर काढला आणि वाळूत रोवला.

मास्तरांनी तो उचलला, घामट अंगठा घासला, परत घासला. "हे काय घातलंत तुम्ही?"

"हाताची अक्कल," मोतीराम म्हणाला.

"साहेब," मास्तर वळून म्हणाले, "सहाही हंटर मोतीरामांनीच करावेत. हे माझ्याच्यानं होणार नाही."

पाहा आता. हार मानायची तीही अशी, की हरलेलाच मोठा दिसावा! संध्याकाळी मास्तर जुन्या शहरात मोतीरामच्या घरी आले, नक्षीचा कागद समजावून दिला, सुंदराबाईच्या हातचा चहा घेतला, बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत. ते गेल्यावर मोतीराम म्हणाला, "चहा पेऊन गेला, जसं काई मेडल घेऊन गेला."

मग त्यानं हंटर केले. रोजची कामं परत पाठवली. छत्रीच्या काडीच्या टोकानं चक्रं टेकवली. पहिला हंटर झाला, त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, आणि हात आपसूक चालला. पहिल्याच्या डाव्या पंखावर हिरवं वळण, दुसऱ्याच्या उजव्या पंखावर तेच. तीन जोड्या. शेजारी शेजारी उभ्या केल्या तेव्हा त्याचं मन भरलं. कागद समोरच होता. पण कागद पाहतो कोण, हात चालत असताना?

अमरावतीला जायच्या आदल्या दिवशी कॉलेजात त्यानं टेबलासोबतचं कार्ड पाहिलं. सुंदर अक्षरात छापलं होतं: 'विमाने – वसंत मास्तर, चित्रकला शिक्षक.' बस.

"साहेब, हे नाव?"

"अहो, कार्ड महिन्यापूर्वीच छापलं. आणि परीक्षकांसमोर डिप्लोमावाला माणूस बरा दिसतो. तुम्हाला मजुरी मिळाली ना?"

मजुरी मिळाली होती. नाव पाहिजे होतं. एवढंच पाहिजे होतं, आणि नेमकं तेच दुसऱ्याच्या खिशात गेलं होतं.

तरी तो अमरावतीला गेला. एसटीत टेबलाच्या सामानाची पेटी सांभाळायला माणूस हवाच होता.

कॉलेजच्या हॉलात पाच टेबलं लागली. कामठीचे मेजर हातात वेताची छडी घेऊन फिरत आले. अकोल्याच्या टेबलापाशी थांबले. वाकले. एक हंटर उचलून उजेडात धरला.

"क्या फिनिश है," ते म्हणाले. "बिलकुल असली. किसने किया?"

कॅप्टनसाहेबांनी मास्तरांकडं हात केला. मास्तरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मेजरनी दुसरा हंटर उचलला. दोन्ही शेजारी धरले. कपाळाला आठी पडली. तिसरा, चौथा.

"ये क्या? इसका पेंट उल्टा क्यों है? एक सीधा, एक उल्टा! नक्शा तो एक ही होता है, भई. लड़के ग़लत पहचानेंगे."

हॉलात हसू फुटलं. नागपूरकडची पोरं खिदळायला लागली. मोतीराम भिंतीशी उभा होता. त्यानं पाहिलं आणि त्याला कळलं. जोडी. पोळा. दहा वर्षांपूर्वी सोडलेला पोळा हातातून निघून हंटरवर बसला होता.

मास्तर पुढं झाले. आवाज शांत. "चूक माझी आहे, सर. मीच कागद नीट काढून दिला नाही."

मोतीरामच्या डोक्यात वीज कडाडली. नाव घेतलं ते घेतलं, आता चूक बी हाच घेणार? ती चूक मोतीरामची होती. त्या हॉलात त्याची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

"चूक माही हाय!" तो ओरडला. सगळ्या माना वळल्या. "मास्तरचा कागद बरोबर होता. साही हंटर माहे, अन् साही सेबर माहे. मी मोतीराम, पेंटर, जुनं शहर, अकोला. बैल रंगवत होतो मी. बैल जोडीनं जुपतेत, साहेब, म्हणून जोडीनं रंगवले. उलटे हायेत ते माह्याच हातानं उलटे हायेत!"

कॅप्टनसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मेजर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खिशातून पेन काढलं आणि शेऱ्याच्या कागदावर लिहिलं. अकोल्याचा दुसरा नंबर आला. पहिला तेवढ्यानंच हुकला, आणि कॅप्टनसाहेबांनी मोतीरामला पुन्हा कॉलेजात बोलावलं नाही.

परतीच्या एसटीत मास्तर शेजारी येऊन बसले. मूर्तिजापूरला मोतीरामनंच विचारलं, "तुमी काहून म्हनलं, चूक माही म्हणून?"

"कार्डावर माझं नाव होतं ना. पुसायला सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, निदान चूक तरी अंगावर घ्यावी."

मोतीरामच्या मनात हिशेब सुरू झाला. मास्तरला चूक परवडते. एक चूक अंगावर घेतली तरी डिप्लोमा भिंतीवर तसाच राहणार, शाळा तशीच, पोरं तशीच नमस्कार घालणार. आपल्याला परवडत नाही, तरी आपण घेतली. मग जास्त किंमत कोणी मोजली?

"पुढच्या टायमाले," तो म्हणाला, "माही चूक मागू नका, मास्तर."

"नाही मागणार," मास्तर म्हणाले. आणि हळूच: "ते मंद कसं केलंत, सांगाल?"

अकोला येईपर्यंत मोतीरामनं सांगितलं नाही. ओठावर आलं होतं, गिळलं.

महिन्याभरानं मास्तर शेऱ्याच्या कागदाची मराठी नक्कल घेऊन आले. सुंदराबाईला वाचायला येत नव्हतं, मोतीरामनंच वाचून दाखवलं: 'दोष – हंटर विमानांवरील रंग उलटसुलट. रंगविणार – मोतीराम पेंटर, जुने शहर, अकोला.'

"बाप्पा! नाव आलं ते बी चुकीखाली!" ती म्हणाली.

"आलं ना? मास्तरच्या नावाखाली तं नाई आलं."

त्यानं तो कागद काचेत बसवून भिंतीवर लावला. खालच्या फळीवर एक हंटर उभा केला, संगजिऱ्याचा, सर्वांत पहिला. बरेच दिवस तो एकटा होता. मग एकदा मोतीरामनं त्याच्याकडं पाहून मान हलवली, नत्थुजीकडून लाकूड आणलं, आणि त्याच्या शेजारी दुसरा केला. उलटा.